तेवीस नंबरचं विरजण

सरांनी सहा वर्षं ज्याच्यावर जीव टाकला, तो जीव त्यांनीच माझ्या डोळ्यांदेखत अर्ध्या तासात उकडून मारला. मारून झाल्यावर घड्याळ पाहिलं आणि वहीत वेळ लिहिली. मी शेजारीच उभी होते. एरवी माझ्या तोंडाला कुलूप नसतं, वरोऱ्यात कुणालाही विचारा. पण त्या दिवशी एकदा सांगून पाहिलं आणि मग नुसती बघत राहिले. आज त्या गोष्टीला चार वर्षं झाली, सर जाऊनही वर्ष होत आलं, तरी कुकरची शिट्टी झाली की मी दचकते. नवऱ्याला वाटतं, मला वरण उतू जायची भीती आहे.

सर म्हणजे वैनगंगेकाठच्या एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. मी त्यांची प्रोजेक्ट असिस्टंट होते. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा बाबांनी बुद्धविहारात पेढे वाटले होते. बिचाऱ्यांना काय ठाऊक, पोरगी चार वर्षं सडक्या तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, वास घेणार आहे म्हणून.

काम सांगायला सोपं होतं. यीस्ट तुम्हाला माहीत आहे, पाव फुगवतं, मोहाच्या फुलांत आणि शिंदीच्या रसात आपोआप येऊन बसतं, साखर खातं आणि स्पिरिट सोडतं. धानाच्या तणसात दोन तऱ्हेच्या साखरा असतात. एक यीस्टला आवडते, दुसरीला ते तोंड लावत नाही, ताटात कारलं बाजूला सारणाऱ्या पोरासारखं. सर आरमोरीचे, धानाच्या बांधीत, शेतातच वाढलेले. त्यांनी ठरवलं की यीस्टला ही दुसरी साखर खायला शिकवायची, म्हणजे आपल्या भागातल्या तणसातून गाड्या चालतील एवढं इंधन निघेल. त्यासाठी एका बुरशीतला जीन उचलून यीस्टमध्ये बसवायचा. बावीस वेळा बसला नाही. तेविसाव्या वेळी बसला. त्या यीस्टचं नाव मग तेवीस नंबर असंच पडलं. मी हौसेने काही छान नावं सुचवली होती. सर म्हणाले, "मॅडम, नाव ठेवलं की माया लागते. नंबर बरा." आणि स्वतः रोज सकाळी आल्या आल्या विचारायचे, "तेवीस कशी आहे?"

असा बदल केलेला जीव मोकळा सोडायचा नाही, असा नियम आहे. नियम सगळीकडे असतात, पण सरांच्या तो अंगात भिनला होता. प्रयोगशाळेला दोन दारं होती, मध्ये दोन माणसं कशीबशी उभी राहतील एवढी जागा. आतलं उघडायचं तर बाहेरचं आधी लागलं पाहिजे. लोक देवळात शिरताना पाय धुतात, सर बाहेर पडताना कोपरापर्यंत हात धुवायचे. आतल्या चपला वेगळ्या, निळ्या रबराच्या. "जे मोजता येत नाही त्याला दार लावावं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आणि दुसरं, बोट वर करून: "एकही बाहेर जायचा नाही!" एका थेंबात कोटीने असणाऱ्या जिवांबद्दल हा माणूस 'एकही' म्हणतो, हे ऐकून पहिल्या आठवड्यात मला हसू आवरत नव्हतं.

हे खूळ ते घरीदारी सगळीकडे घेऊन फिरत. एकदा वरोऱ्याला आमच्याकडे जेवायला आले. व्हरांड्याला ग्रिलचं दार, मग घराचं दार. सर मध्येच थांबून राहिले. आईने दोनदा "या ना जी आत" म्हटलं तरी हलेनात. शेवटी बाबांच्या ध्यानात आलं, त्यांनी जाऊन ग्रिल लावली, तेव्हा कुठे पाहुणे आत आले. मार्कंड्याच्या जत्रेतही तेच. आम्ही सगळे नदीवर पाय धुऊन देवळात गेलो. सर दर्शन घेऊन बाहेर आले आणि तेव्हा पाय धुतले. पुजाऱ्याने असं पाहिलं की मी दगडावरची नक्षी पाहायला लागले.

आणि नाक! सर नाकाने परीक्षा घेत. काचेच्या चंबूचं झाकण काढायचं, एक वास घ्यायचा, की निकाल. जिल्ह्यात दारूबंदी, आणि आमच्या खिडकीतून स्पिरिटचा दरवळ. कुणीतरी खबर दिलीच. एक दिवस जमादार दोन शिपायांसह दारात.

"सर, इथी दारू गाळून राह्यले अशी खबर हाये."

"चपला बदला," सर म्हणाले.

"अजी, धाड हाये ही!"

"धाडीनेही चपला बदलायच्या."

जमादाराने बूट काढून निळ्या चपला घातल्या हो! मग तिघे त्या दोन दारांमधल्या जागेत अंग चोरून उभे, आणि सर आतून विचारताहेत, "बाहेरचं लागलं का नीट?" आत आल्यावर सरांनी सगळं दाखवलं, परवान्याचे कागद दाखवले, हे पिण्याजोगं नाही हेही सांगितलं. मग तिघांच्या जवळ जाऊन एक लांब श्वास घेतला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "जमादारसाहेब, तुमच्या तिघांपैकी एकजण सकाळीच घेऊन आलाय. नाव सांगू?" धाड तिथेच संपली. जाताना एक शिपाई घाईत निळ्या चपला घालूनच निघाला. सर रस्त्यापर्यंत धावले आणि चपला परत घेऊन आले. त्या वेळी मी पोट धरून हसले होते. त्या धावण्याची आठवण पुढे हसू आणणार नव्हती.

आता मैनाबाई. ती धानोऱ्याकडच्या एका जंगलातल्या गावची, गोंडाची बाई, आमच्याकडे कंत्राटावर. काचसामान धुणं, तणस भिजवणं, झाडलोट हे तिचं काम. आठवडाभर कॉलेजच्या गावातल्या खोलीवर राहायची, सुट्टीला घरी. सर जगाला दारं लावायचे, पण मैनाबाईशी अदबीने बोलायचे. तिने धुतलेल्या चंबूत कधी दुसरं काही उगवलं नाही. सर म्हणायचे, "पीएचडीवाल्यांपेक्षा बाईंचे हात स्वच्छ." पीएचडीवाली मी एकटीच होते तिथे, आणि तीही अर्धी.

मैनाबाईला सरांचं एकच पटत नव्हतं. तिच्या गावात पूजेच्या मोहाच्या दारूचं मडकं कधी धूत नाहीत. हंगाम संपला की तळचा गाळ सुक्या फुलांत कालवून सावलीत वाळवतात, पळसाच्या पानात बांधून चुलीवरच्या शिंकाळ्यात ठेवतात आणि पुढच्या वर्षी त्यानेच सुरुवात करतात. ती त्याला विरजणच म्हणायची. आणि पुडी एकाच घरी राहू देत नाहीत. दोन-तीन घरी वाटतात. आपल्या घरचं मेलं तर दुसऱ्याकडून आणता येतं.

"सर, तुमचं हे इरजन दुसऱ्या कोनाच्या घरी नाई का ठेवलं?" तिने एकदा विचारलं.

"नाही बाई. एकही बाहेर जायचा नाही."

"मंग तं कठीन हाये जी. एका घरी ठेवलेलं म्हंजे न ठेवल्यावानीच."

मीही तेच वेगळ्या भाषेत सांगत होते. थोडं पुण्याच्या सूक्ष्मजीवांच्या संग्रहात पाठवू, कायदेशीर सोय आहे. सर म्हणायचे, अजून तिची नीट ओळख पटलेली नाही, तपासण्या राहिल्यात, अनोळखी माणूस दुसऱ्याच्या घरी कसा पाठवायचा. तपासण्या दरवर्षी राहतच होत्या.

मग ते वादळ आलं. मे महिना, कॉलेजला सुट्टी, मी वरोऱ्याला, सर परवानगी देणाऱ्या सरकारी समितीपुढे तेवीसची माहिती मांडायला दिल्लीला. मोठ्या चाचणीची परवानगी आता हाताशी आली होती. इकडे वाऱ्याने विजेचे खांब झोपवले, मोबाइलचे मनोरे बंद पडले. पाच दिवस वीज नाही. जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं. इंधन तयार करणारी प्रयोगशाळा इंधनाअभावी बंद पडली, हे आजही सांगताना मला लाज वाटते आणि चीड येते.

आम्ही परतलो तेव्हा फ्रीझरमधून कोमट पाणी ठिबकत होतं. सहा वर्षांचा साठा त्यात होता. सरांनी एकेक नळी तपासली. चार दिवस वाट पाहिली. एकही जीव उठला नाही. मी रडले, सरळ मोठ्याने रडले. सर स्टुलावर बसून होते. म्हणाले, "दारं मात्र लागलेली होती." मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही.

पाचव्या दिवशी मैनाबाई गावाहून आली. पदराखालून पळसाच्या पानाची पुडी काढून तिने टेबलावर ठेवली.

"घ्या जी सर. तुमचं इरजन जित्तं हाये."

वादळाच्या दुसऱ्या दिवशी ती झाडायला आली होती. थंड कपाट गरम लागलं. फोन लागेना. एका चंबूत अजून फसफस चालू होती. तिने गावात कुणीही केलं असतं तेच केलं. चंबू घेतला, गावी नेला, सुक्या मोहफुलांवर ओतला, वाळवला, बांधला.

सरांनी पुडीचा वास घेतला. चिमूटभर घेऊन त्यांनी ती तणसातल्या त्या दुसऱ्या साखरेच्या पाण्यात टाकली. साधं यीस्ट त्यात वाढत नाही. दोन दिवसांनी पाण्यावर बुडबुडे आले. तपासलं. तेवीस! मी मैनाबाईला मिठी मारली, स्टुलावर आपटले, काय काय केलं आठवत नाही. सर हसलेसुद्धा. आणि मग त्यांचं हसू तसंच गोठलं.

"बाई," ते म्हणाले, "किती घरी दिलं?"

"दोन घरी, जी. बहिनीच्या न जाऊबाईच्या. मले वाटलं, माह्या घरचं मेलं तं?"

माणसाचा चेहरा खरोखर पांढरा पडतो, हे मी तेव्हा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जीपने तिच्या गावी पोचलो. बहिणीच्या घरी पुडी शिंकाळ्यात जशीच्या तशी होती. सरांनी ती डब्यात बंद केली. जाऊबाई म्हातारी, ओसरीवर बसलेली. तिने सांगितलं, इरजन चांगलं निघालं, पूजेच्या मोहात घातलं, कालच देवाले दाखवून सगळ्याइले वाटलं. उरलेला चोथा मागे टाकला.

मागे कोंबड्या तो चोथा टिपत होत्या.

आणि सर कोंबड्यांमागे धावले. पांढरा शर्ट, चष्मा, साठीला आलेला माणूस, "हुश, हुश" करत अंगणभर. पोरं हसायला लागली, बाया पदर तोंडाला लावून उभ्या. मला हसू आलं नाही. मला भीती वाटली, तेवीसची नव्हे, सरांची. मी त्यांचा हात धरून म्हणाले, "सर, हे बेकरीतल्या यीस्टहून जास्त काही नाही. जंगलात तीन दिवस टिकणार नाही."

"सिद्ध करा," ते म्हणाले.

कसं सिद्ध करणार? त्याच तर तपासण्या राहिल्या होत्या. त्यांनी पातेल्यासारखा मोठा गंज मागितला, चोथा गोळा करून उकळला, मातीवर उकळतं पाणी ओतलं. मग ते मडकं मागितलं. कधीच न धुतलेलं, पूजेचं. म्हातारी देईना. सरांनी हात जोडले. तिने दिलं. त्यांनी तीन वेळा आतून उकळत्या पाण्याने धुतलं.

"काऊन जी, इख होतं का त्याच्यात?" म्हातारीने विचारलं.

"नाही आजी, विष नव्हतं."

"मंग?"

सरांनी मडकं पुसून तिच्यापुढे ठेवलं. म्हातारी म्हणाली, "आमचं काय जी, आमचं इरजन दुसऱ्या घरून आनू. तुमचं मेलं तं कुठून आनान?"

मैनाबाई आंब्याखाली उभी होती. आपल्या घरातून आलेली वस्तू हा माणूस उकळून उकळून मारतोय, आपल्या घरचं भांडं धुऊन काढतोय, हे ती पाहत होती. तिच्या तोंडावर काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. कळायला हवं होतं. आपण शिवलेली भांडी अशी धुतली जाताना माझ्या आजीच्या पिढीने पाहिलीत.

परतल्यावर प्रयोगशाळेत एक चंबू उरला होता. जगातली शेवटची तेवीस. मी म्हणाले, "सर, ही तर आता आत आलीय. लावा ना दार. कुणाला कळणार आहे?"

"मला," सर म्हणाले. "बाहेर जाऊन आलेली आहे मॅडम. तिच्यात काय मिसळलं, ती कुठे कुठे गेली, मी सही करताना काय लिहू?" आणि त्यांनी तो चंबू, दोन्ही पुड्या, सगळं ऑटोक्लेव्हमध्ये ठेवलं. ऑटोक्लेव्ह म्हणजे आमचा मोठा कुकर. त्यातून जिवंत काही परत येत नाही. मी थांबवलं नाही. हे मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही, आणि थांबवायला हवं होतं का, तेही मला माहीत नाही.

मग समितीला पत्र. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. वादळ, वीज, फ्रीझर. आणि पुढे: "सदर यीस्ट मी स्वतः, माझ्या निर्णयाने, प्रयोगशाळेबाहेर नेले व एका गावात ठेवले."

माझी बोटं थांबली. या माणसाने हजेरीच्या वहीत पाच मिनिटांचा उशीरही खरा लिहिला होता.

"सर, हे खोटं आहे."

"बाईंची नोकरी कंत्राटी आहे. एका ओळीत जाईल."

"आणि तुमचं काय होईल?"

"दार माझं होतं, मॅडम. ते दुसऱ्या कुणाला उघडावं लागलं, हा दोष माझाच. टाइप करा." आणि वर: "बाईंना सांगायचं नाही. त्या सरळ जाऊन खरं सांगून येतील."

मी टाइप केलं. चाचणीची परवानगी गेली, प्रोजेक्ट बंद झाला, दोन्ही दारांना कायमचं कुलूप लागलं. सर मुदतीआधी निवृत्त होऊन आरमोरीला गेले. मैनाबाईच्या गावात मात्र मडकं धुतल्या दिवसापासून आठवडाभर ते रोज फोन करत राहिले होते, कुणाचं पोट तर दुखत नाही ना. कुणाचं दुखलं नाही. कोंबड्यांचंही नाही.

मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले. मैनाबाईची नोकरी टिकली, पण ती बदलली. स्टाफरूमच्या माठाला हात लावेना, पाण्याची बाटली घरून आणी. मी विचारलं तर म्हणाली, "माह्या घरचं मनून मारलं ना जी सरनं. विटाळ धरला." मी नाही, नाही म्हणत राहिले. तिने मान हलवली, पण माठ तसाच राहिला. चार वर्षं मी ते पाहिलं आणि शब्द दिला म्हणून गप्प बसले. मी, गप्प!

सर गेले तेव्हा आरमोरीच्या घरी गर्दी नव्हती. मैनाबाई आली होती, लांब उभी राहून परत गेली. त्यानंतर कित्येक महिने मी पत्राची प्रत कपाटातून काढत होते आणि परत ठेवत होते. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडावा की जित्या बाईचं मन, एवढाच प्रश्न होता, आणि तो सोडवायला मला इतका वेळ लागला. गेल्या महिन्यात तिच्या गावी गेले आणि चुलीपाशी बसून तिला ते पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं, ती रडेल. सरांचं नाव घेईल. मी स्वतः रुमाल काढून तयार होते.

ती म्हणाली, "ते मधलं पुन्यांदा वाचा."

मी वाचलं. मी स्वतः, माझ्या निर्णयाने.

"पन मी नेलं होतं."

"हो बाई. तुमची नोकरी जाऊ नये म्हणून सरांनी..."

"जाती तं जाती!" ती एवढ्या जोरात म्हणाली की बाहेरची बकरी उठली. "मले विचारलं का त्याइनं? इकडे मी चार वर्सं मनात म्हनत राह्यली का माह्या घरचा विटाळ धरला. न तिकडे कागदावर माहं कामच नाई? पाच दिवस लाईन नोहती, तुमी नोहते, सर नोहते. जित्तं कोनं ठेवलं? एक डाव एवढं मोठं काम झालतं माह्या हातून, तेबी त्याइच्या नावावर?"

माझा रुमाल हातातच राहिला. सर माझ्या मनात चार वर्षं देवाच्या जागी बसले होते. ते तिथून हलले असं नाही, पण त्यांनी एक दार असं लावलं होतं की आत कोण कोंडलं गेलं हे त्यांनाही दिसलं नाही, मलाही नाही. मी म्हणाले, "चुकलं बाई. माझंही चुकलं."

"पेन हाये का?" तिने विचारलं.

पर्समध्ये होता.

"लिवा इथी. मैनाबाईनं नेलं, न मैनाबाईनं जित्तं ठेवलं."

सरांच्या सहीखाली मी ते लिहिलं, तिच्या शब्दांत. तिने खाली सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं. मग कागदाची घडी घातली, चुलीवरच्या शिंकाळ्यात पळसाच्या पुड्यांशेजारी ठेवली आणि उठता उठता थांबली. घडी परत काढून माझ्या हातात दिली.

"आधी तालुक्याले नेऊन याची अजून एक झेराक्स काढा, मंग मले आनून द्या. एक तुमच्या घरी राहू द्या. एका घरी ठेवलेलं काई खरं नसते, जी."